झोपेत चालणारं पात्र लिहिताय? मग 'त्याला उठवू नका' हा डायलॉग जरा जपून

थ्रिलर लिहिणारे, भयकथा लिहिणारे, मालिकांचे एपिसोड पाडणारे, सगळ्यांच्या वाट्याला हा सीन कधी ना कधी येतोच. मध्यरात्र, घरातली मुलगी पांढऱ्या कपड्यात जिना उतरतेय, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही, धाकटा भाऊ हाक मारायला तोंड उघडतो आणि मागून कोणीतरी त्याचं तोंड दाबून कुजबुजतं, "ओरडू नकोस, झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर जागच्या जागी जीव जातो." झालं. पुढचा चॅप्टर.

आधी खरंखोटं करून टाकू म्हणजे पुढचं बोलायला मोकळे. झोपेत चालणाऱ्याला उठवलं म्हणून तो मरत नाही, त्याला वेड लागत नाही, कोमात जात नाही, आत्मा बाहेर फिरायला गेलेला असतो तो बाहेरच राहतो वगैरे तर सोडूनच द्या. होतं काय, तर मुळात उठवायला त्रास पडतो, उठलाच तर माणूस पार गोंधळलेला असतो, कधीकधी घाबरून समोरच्याला ढकलतो नाहीतर एखादी ठेवून देतो. म्हणजे मार बसलाच तर तो उठवणाऱ्याला बसायची शक्यता जास्त.

तरीपण हा डायलॉग फेकून द्या असं मी अजिबात म्हणणार नाही. लेखकाच्या बाजूने बघा ना, एका वाक्यात खोलीतल्या सगळ्या पात्रांचे हात बांधून होतात, कोणी धावायचं नाही, कोणी ओरडायचं नाही, फक्त बघत उभं राहायचं आणि वाचकाने पण त्यांच्यासोबत श्वास रोखून बसायचं, एवढं काम फुकटात होत असेल तर दोनशे वर्षं लोक ते वापरत आले यात नवल काय. अडचण इतकीच की आजचा वाचक तिथल्या तिथे मोबाईल काढून शोधतो आणि मग तुमच्या पुढच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. तेव्हा हात बांधायचेच, फक्त त्यासाठी कारण खरं शोधायचं. ते कसं, हे खाली सांगतोय.

डायलॉग कोणाच्या तोंडी द्यायचा

जुन्या लोकांनी हे कसं केलंय ते बघण्यासारखं आहे. इटालियन संगीतकार बेल्लिनीचा 'ला सोनाम्बुला' नावाचा ऑपेरा आहे, १८३१ साली मिलानमध्ये पहिल्यांदा झाला. त्यातली नायिका अमिना झोपेत चालते, एकदा चालत चालत परक्या पुरुषाच्या खोलीत जाऊन झोपते आणि तिच्या चारित्र्यावर संशय घेऊन ठरलेलं लग्न मोडतं. गावातल्या कोणाला झोपेत चालणं म्हणजे काय तेच माहीत नाही, ज्याच्या खोलीत ती गेली तो काउंट, म्हणजे सरदार, समजावून सांगतो तर कोणी ऐकत नाही. आणि शेवटी ती सगळ्यांच्या देखत उंचावरच्या धोकादायक वाटेवरून झोपेत चालत येते, तेव्हा काउंट सगळ्यांना गप्प करतो की एक हाक मारलीत तरी ती जाईल. आता नीट बघा, इथे काउंटचं फार काही चुकत नाहीये. उंचावर तोल सांभाळत चाललेल्या माणसाला, मग तो जागा असो नाहीतर झोपलेला, खालून अचानक आरोळी ठोकली तर तो पडूच शकतो. जीव जाईल तो पडल्यामुळे, जाग आल्यामुळे नाही. पुढच्या लेखकांनी काय केलं, तर ती उंच जागा काढून टाकली आणि डायलॉग तेवढा ठेवला, आणि सपाट हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूने चालणाऱ्या पात्राला पण हात लावायची बंदी झाली.

त्यामुळे पहिला उपाय एकदम सोपा, पात्राला उंचावर नेऊन ठेवा. गच्ची, कठडा, जिन्याची वरची पायरी. तिथे 'एकदम ओरडू नका' हे डॉक्टरने सांगितलं तरी चालतं.

दुसरा उपाय ब्रॅम स्टोकरने १८९७ मध्येच करून ठेवलाय. 'ड्रॅक्युला'मध्ये ल्यूसी झोपेत चालते आणि तिच्या आईने डोक्यात घेतलेलं असतं की झोपेत चालणारे कायम छपरांवर आणि कड्याच्या टोकावरच जातात, मग दचकून जागे होतात आणि किंचाळत खाली पडतात. हे ल्यूसीची मैत्रीण मीना आपल्या डायरीत लिहिते आणि लिहिताना तिचा सूर असा आहे की आईंचं आपलं काहीतरीच. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा ही समजूत इतकी घिसीपिटी झाली होती की लेखकाला तिची हलकी चेष्टा करता येत होती! मग इंग्लंडमधल्या व्हिटबी गावी कड्यावरच्या दफनभूमीत रात्री ल्यूसी सापडते तेव्हा मीना काय करते, तर आधी तिला शाल गुंडाळते, गळ्याशी पिन लावते, आपले बूट काढून तिच्या पायात घालते आणि मग हळूहळू तिला उठवते. ल्यूसी लगेच उठत नाही, आधी अस्वस्थ होते, कण्हते, मग कधीतरी डोळे उघडते. उठवल्यामुळे तिला काहीही होत नाही (जे व्हायचं ते दुसऱ्याच कोणामुळे झालेलं असतं). शिकायचं ते हे की समजूत घाबरलेल्या आईला द्या आणि कृती व्यवहारी पात्राला द्या, दोघींचे स्वभाव त्यातूनच कळतात, वेगळं वर्णन करायची गरज पडत नाही.

तिसरा मात्र माझ्या मते सगळ्यात भारी, आणि तो शेक्सपिअरचा. 'मॅकबेथ'च्या पाचव्या अंकात लेडी मॅकबेथ झोपेत चालत येते, हात चोळत बसते, खुनाबद्दल बडबडते. तिथे डॉक्टर आहे, दासी आहे, दोघांपैकी एकजणही तिला उठवत नाही, पण उठवलं तर मरेल असंही कोणी म्हणत नाही. डॉक्टर उलट ती काय बोलते ते लिहून घेतो. त्यांना ऐकायचं असतं. बस, एवढंच कारण. तुमच्या सीनमध्ये पण हाच प्रश्न विचारा की या पात्राला समोरच्याला न उठवण्यात काय फायदा आहे? नवऱ्याला बघायचंय बायको रोज रात्री कुठे जाते. मुलाला भीती वाटतेय की उठल्यावर बाबा मारतील. आणि खलनायक असेल तर अजूनच मजा, ती अशीच चालत राहावी असं ज्याला वाटतं त्याच्याच तोंडी द्या की "अरे उठवू नका तिला, जिवावर बेतेल". बाकीचे बिचारे विश्वास ठेवून मागे सरकतात. समजूत खोटी आहे हे वाचकाला माहीत असेल तर ते वाक्य ऐकूनच त्याच्या पोटात गोळा येईल.

फक्त एक करू नका, आजच्या काळातल्या शिकल्यासवरलेल्या डॉक्टर पात्राला हे गंभीरपणे बोलायला लावू नका.

घड्याळ नीट लावा

नव्वद टक्के गोष्टींमध्ये माणूस पहाटे तीन-चारला चालतो कारण ती वेळ भुताखेतांची म्हणून बरी वाटते. खरं चालणं होतं ते गाढ झोपेतून, आणि गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागातच उरकतो. म्हणजे दहाला झोपलेलं पोरगं साधारण अकरा ते एकच्या दरम्यान उठून चालेल, जेव्हा घरातली मोठी माणसं बऱ्याचदा जागीच असतात. पहाटेची साखरझोप हा स्वप्नांचा भाग, आणि त्या झोपेत शरीराचे स्नायू मेंदूने जवळपास बंद करून ठेवलेले असतात, स्वप्नात पळत असलो तरी पाय हलत नाहीत ते त्यामुळेच.

म्हणून 'ती स्वप्नात जे बघत होती तेच चालत करत होती' हे सरसकट लिहिणं पण गडबडीचं. १९६८ साली झोपेचे संशोधक रॉजर ब्रॉटन यांनी 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात मांडलं की झोपेत चालणं, रात्री किंचाळून उठणं हे स्वप्नाच्या झोपेतले प्रकार नाहीत, गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचे आहेत. गाढ झोपेतून वर येताना गाडी मधेच अडकते तसं काहीसं. मोठ्या माणसांना नंतर विचारलं तर तुकडे आठवतात बरं का, भिंत अंगावर येत होती, कोणाला तरी वाचवायचं होतं, पळायचं होतं, एवढंच. सुरुवात-मध्य-शेवट असलेलं, प्रतीकांनी भरलेलं दोन पानी स्वप्न मात्र नको.

स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडण्याचा आजार आहे, पण तो वेगळा. तो बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढच्या पुरुषांत दिसतो, पहाटेकडे होतो, डोळे मिटलेले असतात, माणूस अंथरुणातच ठोसे मारतो, आणि उठवलं की पटकन भानावर येऊन स्वप्न सांगतो. १९८६ मध्ये शेंक आणि माहोवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. तुमचं पात्र निवृत्त आजोबा असतील तर कदाचित तुम्हाला हाच आजार हवाय.

दिसतं कसं, वागतं कसं

हात समोर ताठ धरून चालणं बंद करा. ते कार्टूनमध्ये ठीक आहे. खरा चालणारा हात बाजूला सोडूनच चालतो, डोळे उघडे असतात पण काचेसारखे, चेहऱ्यावर काही नसतं. ओळखीच्या घरात तो टेबलाला वळसा घालू शकतो, कडी काढू शकतो, पण हालचाल ढोबळ असते, दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो, ग्लास धरला तर सांडतो. बऱ्याचदा तर चालणं असं नसतंच, नुसतं उठून बसणं, चादर चाचपडणं, दोन पावलं जाऊन उभं राहणं. लहान मुलं कपाट उघडून त्यातच लघवी करतात, हे इतकं कॉमन आहे तरी कुठल्याही कथेत सापडत नाही कारण त्यात वातावरणनिर्मिती होत नाही, पण खरं सांगू का, असा एक तपशील टाकलात तर वाचकाला वाटेल की या लेखकाने हे जवळून पाहिलंय. आणि सगळा प्रकार बहुतेक वेळा काही सेकंद ते काही मिनिटांत संपतो, अर्धा तास म्हणजे खूप झाला. रात्रभर जंगलात भटकून सकाळी दवात भिजलेली परत आली असं लिहाल तर कठीण आहे.

मेंदूत काय चालू असतं ते एकदा समजलं की हे वागणं आपोआप लिहिता येतं. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, एका तरुणाला झोपेत चालत असतानाच पकडून त्याच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला होता. दिसलं असं की हालचाल आणि भावना यांच्याशी संबंधित भाग जागे झाल्यासारखे काम करत होते, आणि विचार करणारा, 'आपण काय करतोय' हे तपासणारा पुढचा भाग झोपेतच. रात्री कोणीतरी स्वयंपाकघरातला दिवा लावलाय आणि बाकी अख्खं घर काळोखात आहे, तसं. त्यामुळे पात्र चालू शकतं, घाबरू शकतं, चिडू शकतं, पण ठरवू शकत नाही, बेत आखू शकत नाही, समोर कोण आहे ते नीट ओळखू शकत नाही.

याच कारणाने झोपेत कबुलीजबाब हा प्रकार जरा आवरा. बोलतात ते लोक, पण अर्धवट, तुटक, प्रश्नाशी संबंध नसलेलं. लेडी मॅकबेथचं हात धुणं मात्र पटण्यासारखं आहे, कारण पॅरिसच्या संशोधकांनी २०११ मध्ये झोपेत चालणाऱ्यांना दिवसा हातांच्या ठरावीक हालचाली शिकवल्या आणि रात्री त्यांच्यातल्या एकाने झोपेत त्याच हालचालींचा तुकडा करून दाखवला. म्हणजे शरीर उगाळत बसतं हे खरं, पण खुनाचा तपशील क्रमवार सांगत नाही.

मग पुस्तकांतले ते आज्ञाधारक, डोळे मिटून भविष्य सांगणारे, मालकाच्या हुकुमावर खून करणारे झोपाळू आले कुठून? ते आले संमोहनवाल्यांकडून. १७८४ च्या सुमारास प्युसेगूर नावाच्या फ्रेंच सरदाराने एकाला गुंगीत नेलं, त्या अवस्थेला 'कृत्रिम झोपेत चालणं' असं नाव पडलं, आणि पुढची शंभरेक वर्षं युरोपात संमोहन आणि झोपेत चालणं या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्या. १९२० च्या 'डॉक्टर कॅलिगरी' सिनेमातला सेझारे त्यातलाच. तुम्हाला तसं पात्र हवं असेल तर खुशाल लिहा, पण ते संमोहन आहे हे स्वतःला तरी माहीत असू द्या.

आता मुख्य काम, उठवायचा सीन

उठवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हीतून दोन वेगळे सीन निघतात. पहिली शहाणी पद्धत, म्हणजे खरंतर उठवायचंच नाही, हळू आवाजात बोलत परत अंथरुणाकडे वळवायचं. डॉक्टर लोक सहसा हेच सुचवतात, आणि कारण साधं आहे, उठवून काही मिळत नाही, त्याची झोप मोडते, तो गोंधळतो, तुम्हीही जागता. समोरून किंवा बाजूने, साधी सोपी वाक्यं, तीच तीच. नमुना देतो:

"ताई."
ती वळली. त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत.
"ताई, कुठे चाललीस?"
"त्यांना सांग ना, पिशवी वर ठेवलीय."
"कोणाला सांगू?"
"वर."
"बरं सांगतो. चल, झोपायला चल."
ती दोन पावलं आली, थांबली, कपाटाचं दार उघडलं आणि आत बघत उभी राहिली. तो तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "चल ताई, झोपायला चल." तिने कपाटातला टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. "ठेव," म्हणाली, आणि आपणहून खोलीकडे निघाली.

यात भूत नाही, मरणाची धमकी नाही, तरी अंगावर येतं की नाही? ओळखीचा माणूस समोर आहे आणि आत नाहीये, ही भीती त्या जुन्या डायलॉगपेक्षा जास्त टिकते.

दुसरी पद्धत, चुकीची, आणि ती लेखकासाठी जास्त कामाची. मागून जाऊन दंड धरायचा, वाट अडवायची, खांद्याला धरून गदागदा हलवायचं, तोंडावर पाणी मारायचं. झोपेतल्या हिंसेच्या प्रकरणांचा अभ्यास केला तर हेच दिसतं की चालणारा माणूस सहसा कोणाला शोधत जाऊन मारत नाही, कोणीतरी त्याला धरतं, अडवतं किंवा फार जवळ येतं तेव्हा तो उलटतो. तर तुमच्या भावाने मागून ताईचं कोपर पकडलं की तिचा हात झटक्यात मागे येऊ दे, त्याचा ओठ फुटू दे, "सोड, सोड" असं ती ओरडू दे, मग काही क्षण ती त्याच्याकडे अनोळखी माणसासारखी बघू दे, मग "मी इथे कशी आले?" आणि मग लाज. पूर्ण भानावर यायला वेळ लागतो, सिनेमात चुटकी वाजवली की "अरे मी कुठे आहे" होतं तसं नसतं. आणि लगेच दहा मिनिटांत ती परत गाढ झोपेल. सकाळी चहा पिताना तीच विचारेल, "ओठाला काय झालं रे तुझ्या?" लहान मुलांना तर सहसा काहीच आठवत नाही, मोठ्यांनाही थोडंफार.

हात बांधायचं खरं कारण म्हणत होतो ते हे. 'धरलं तर ती घाबरून काय करेल सांगता येत नाही, आणि ती जिन्याच्या कडेला उभी आहे.' आता भावाला हाक मारावी की नाही, जवळ जावं की नाही, हा खराखुरा पेच झाला. आणि खरंच गॅस पेटवलाय, गाडीची चावी घेतलीय, कठड्यावर पाय टाकलाय, तर मात्र उठवायचंच, तिथे थांबायचं नसतं. आधी थोड्या अंतरावरून नाव घेऊन, आवाज वाढवत, आणि ते जमेना तर धरून मागे घ्यायचं, फटका बसला तर बसला.

इजा कशाने होते ते लिहा

पडणं, काचेचं दार, खिडकी, सुरी, गरम भांडं, रस्ता. या वस्तू सीनमध्ये आधीच पेरून ठेवा. अजून एक विचित्र गोष्ट, या लोकांना झोपेत लागलेलं बऱ्याचदा दुखत नाही. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, २०१५ चा आहे, इजा झालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं की त्या वेळी काही जाणवलंच नाही, दुखायला लागलं ते नंतर जाग आल्यावर. म्हणजे पात्र काचेवरून चालत जाईल आणि चेहरा बदलणार नाही, मागे फरशीवर ठसे उमटत जातील. हे खोटं वाटेल इतकं भयंकर आहे पण खरं आहे.

चालायला कारण लागतं

'वाड्याचा शाप' ठीक आहे पण त्याच्या जोडीला शरीराचं कारण दिलंत तर वाचकाला दोन्हीकडे डोलायला जागा मिळते. जागरण हे सगळ्यात मोठं. ताप, टेन्शन, नवी जागा, भरलेलं मूत्राशय, घोरताना श्वास अडकण्याचा आजार. घराण्यातही चालतं, कॅनडातल्या मुलांच्या २०१५ च्या अभ्यासात आईवडील दोघांनाही सवय नसलेल्या मुलांपैकी साधारण २२ टक्के कधी ना कधी चालली होती, एकाला असेल तर ४७ टक्के, दोघांनाही असेल तर ६१. दहाव्या वर्षाच्या आसपास प्रमाण सर्वात जास्त होतं. म्हणजे पांढऱ्या गाऊनमधल्या विशीतल्या नायिकेपेक्षा चौथी-पाचवीतलं पोरगं जास्त खरं, मोठ्यांत वर्षभरात चालणारे शंभरात एक-दोनच.

काही झोपेच्या गोळ्यांनीही होतं. झोल्पिडेम आणि तिच्या जातीच्या गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, लोक झोपेत गाडी चालवत होते, स्वयंपाक करत होते, काहींचे जीव गेले. रहस्यकथेवाल्यांनो, दुधात कोणीतरी काहीतरी मिसळतंय हा प्लॉट तुमच्यासाठी तयार आहे.

आणि एक उलटा मुद्दा. माँट्रियलमधल्या संशोधकांनी सवय असलेल्या लोकांना दिवसरात्र जागवलं, मग ते गाढ झोपले की मोठा आवाज ऐकवला, तर त्यांच्यातले लोक त्या आवाजाने जागे व्हायच्या ऐवजी उठून चालायच्याच अवस्थेत गेले. तुमच्या कथेत दार धाडकन आपटतं तेव्हा सगळे जागे होतात आणि एकजण होत नाही, पण उठतो. वापरा.

खून, कोर्ट आणि सोंग

१८४६ मध्ये बॉस्टनमध्ये रुफस चोट या नावाजलेल्या वकिलाने खुनाच्या आरोपीसाठी झोपेत चालण्याचा बचाव मांडला आणि ज्युरीने आरोपीला सोडलं. कॅनडात १९८७ ला एक माणूस रात्री वीसेक किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, सासूचा जीव गेला, सासरे जबर जखमी, आणि नंतर तो स्वतःच पोलिस ठाण्यात हजर झाला तेव्हा त्याच्या हातांच्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) कापलेल्या होत्या आणि त्याला त्याचं भान नव्हतं. तो निर्दोष सुटला, १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. असे निकाल फार दुर्मिळ, पण हेतू नसणं, घरात आधीपासून अशा सवयी असणं, आधीची जागरणं, अशा गोष्टी कोर्टात बघितल्या जातात, म्हणून वकील लिहिताना तेच प्रश्न विचारायला लावा.

सोंग घेतलेला पकडायचा असेल तर वरचं सगळं उलटं करा. तो पहाटे चारला चालतो. हात समोर धरतो. डोळे मिटलेले. प्रश्नाला मुद्देसूद उत्तर देतो. कुठेही न धडपडता नेमक्या कपाटाशी जातो. आणि हाक मारली की एका झटक्यात टक्क जागा होऊन "अरे, मी कुठे आहे?" असं विचारतो. त्याने झोपेत चालणं सिनेमात बघून शिकलंय, आणि तुमच्या गुप्तहेराला तेच दिसतं. 'मला उठवलं तर मी मेलो असतो' असंही बोलायला लावा त्याला, अजून रंगत येईल.

आणि उठवण्याचंच औषध

एवढं सगळं झाल्यावर सांगायचं राहिलं ते हे की लहान मुलांच्या झोपेत चालण्यावर एक उपाय म्हणजे चक्क उठवणं. आठवडाभर टिपण ठेवायचं की पोरगं कधी चालतं. समजा रोज साधारण साडेअकराला. मग रोज रात्री सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे चालायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आईने किंवा बाबांनी जाऊन त्याला हळूच उठवायचं आणि परत झोपू द्यायचं, काही आठवडे रोज. बऱ्याच मुलांचं चालणं यानेच थांबतं. कथेत हे आजी आणि सून यांच्यात टाकून बघा, एक म्हणते उठवलं तर पोर हातचं जाईल, दुसरी घड्याळाचा गजर लावून बसलीय, आणि दोघी त्याच पोरासाठी जागतायत.

तुमच्या स्वतःच्या घरात कोणी चालत असेल तर दाराला वरच्या बाजूला कडी, जिन्याला फाटक, किल्ल्या आणि सुऱ्या आवाक्याबाहेर, वरच्या बंकवर झोपवायचं नाही, झोप पुरेशी. इजा होत असेल, घराबाहेर जात असतील, आठवड्यात अनेकदा होत असेल, मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालं असेल किंवा एखादी गोळी चालू केल्यापासून होत असेल तर झोपेच्या डॉक्टरला दाखवा. आणि वर सांगितलेल्या उपायाप्रमाणे पोराला रोज ठरलेल्या वेळी उठवायचं असेल तर पूर्ण जागं करून बसवायची गरज नाही, डोळे किलकिले झाले, काहीतरी पुटपुटलं, कूस बदलली, एवढं पुरे.